नकुलमातेचा धीर



मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि पुढे सांगली-सातारा जिल्ह्यांतली गावेच्या गावे त्या साथीत होरपळली. साथ ओसरली, परंतु अशा विषाणूंचा एक घाव मागाहून कळतो. ताप जातो, खोकला जातो, आणि काही दिवसांनी छातीत दुखू लागते, धाप लागते, धडधड होते, पाय सुजतात. विषाणूशी चाललेल्या झुंजीत हृदयाच्या स्नायूलाच सूज आलेली असते. हे कोरोनानेच होते असे नाही; साध्या फ्लूनेही क्वचित होते.

बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींचे हृदय मात्र कमजोर राहते. कोण कोणत्या वाटेने जाणार, हे आरंभी सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर म्हणतात, "पाहू; काही महिन्यांनी पुन्हा तपासू." ऊसतोडीच्या किंवा तालमीतल्या पोराला ते तीन ते सहा महिने जड काम आणि जोर-बैठका बंद करायला सांगतात.

हा 'पाहू' घराला सोसत नाही. मग कोणी भगताचे नाव सुचवतो, कोणी अंगारा आणून देतो. देव्हाऱ्यातून काढलेले देव नवसाच्या रूपाने पुन्हा उंबऱ्यात येतात. बावीस प्रतिज्ञांची खरी परीक्षा विहारात होत नाही, रुग्णाच्या खाटेपाशी होते. भगत खात्री देतो, डॉक्टर देत नाहीत. परंतु खात्री देणारा जाणतोच असे नाही.

भगवान बुद्धांच्या काळी भग्ग देशात नकुलपिता नावाचा गृहस्थ फार आजारी पडला. त्याची पत्नी नकुलमाता हिने त्याला बरे होण्याचे खोटे वचन दिले नाही. त्याचा जीव कशात अडकला आहे, ते तिने ओळखले. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मी मुले सांभाळीन, घर चालवीन, तुम्ही चिंतेत जळू नका, असे तिने सांगितले. त्याच्या मनाचा ताप उतरला. पुढे तो दुखण्यातून उठला आणि काठी टेकत भगवंतांच्या भेटीस गेला. भगवंतांनी अशी हितचिंतक पत्नी लाभल्याबद्दल त्याला धन्य म्हटले.

तो काठी टेकत गेला, हे ध्यानात ठेवा. काहींचे बरे होणे असेच असते.

म्हणून रुग्णाने दुखणे लपवू नये. औषध वेळेवर घेणारा आणि दुखणे खरे सांगणारा रुग्ण शुश्रूषेस सोपा, असे भगवंत सांगत. घरच्यांनी त्याच्या विश्रांतीला आळस म्हणू नये. सिव्हिलमधली तपासणी चुकवू नये. छातीत कळ आली किंवा घेरी आली तर त्याच घटकेला न्यावे. आणि ज्या घरची मजुरी बुडाली, त्या घरी वस्तीने न मागता पायली-दोन पायली ज्वारी पोचवावी. नकुलमातेला सूतकताई होती. आपल्या माउलीपाशी निदान शेजार असावा.

अनित्य म्हणजे केवळ नाश नव्हे. सूजही अनित्यच आहे. ती उतरेल की नाही, हे आज कळत नाही. पण तोवर रुग्णाला एकटे न ठेवणे आपल्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!