आनंदाचं पासबुक

बँकेत वीस-बावीस वर्षं कारकुनी केली, की माणसाला सगळं जग दोनच रकान्यांत दिसायला लागतं. जमा आणि नावे. लग्नाला गेलो तर जेवण जमा, आहेर नावे. पाऊस पडला तर गारवा जमा, छत्री नावे. कारण ती हमखास लोकलमध्ये राहते. अशा माणसाला एक प्रश्न फार छळतो. खेळून जो आनंद होतो तो कुठल्या रकान्यात लिहायचा? वेळ खर्ची पडतो हे तर उघडच आहे. पण जमेच्या बाजूला काय? पावती नाही, व्हाउचर नाही, साधा शिक्कासुद्धा नाही. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी आनंदावर जाडजूड ग्रंथ लिहिले म्हणतात. पण झालेल्या आनंदाची शिल्लक कुठे राहते, हे सांगायला त्यांच्यात एखादा बी.कॉम. झालेला माणूस हवा होता.

हा प्रश्न माझ्या मागे लागला तो एका खेळण्यामुळे. माझी मेहुणी न्यू जर्सीत, एडिसनला असते. तिकडे लोक घर बदलताना अडगळीचं सामान दारात मांडून विकतात. त्याला गॅरेज सेल म्हणतात. आपल्याकडे अडगळ माळ्यावर जाते, तिकडे अंगणात येते, एवढाच फरक. त्या बाजारातून तिनं दहा डॉलरला माझ्यासाठी एक ‘गेमबॉय’ आणला. हातात धरून खेळायचं यंत्र, रंगानं राखी, आकारानं आणि वजनानं ऐंशीच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरच्या धाकट्या भावासारखं.

हे यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८९ साली बाजारात आणलं. अमेरिकेत त्याची किंमत जवळजवळ ९० डॉलर होती. मी लगेच कागद ओढला. दरसाल ४० टक्के घसारा धरला आणि घटत्या शिलकीच्या पद्धतीनं हिशेब केला, तर अठराव्या वर्षी, म्हणजे २००७ साली, त्याची किंमत एक सेंटच्याही खाली जाते. “तुझ्या बहिणीनं दहा डॉलर मोजले!” मी म्हणालो. त्यावर आमची ही म्हणाली, “अहो, तुमचा घसारा काढला तर काय येईल?” या पद्धतीत किंमत कधीच शून्य होत नाही, एवढाच काय तो माझ्या बाजूचा मुद्दा. तो मी गिळला.

पण हिशेब बाजूला ठेवून खेळायला बसलो आणि चकित झालो. पडदा जेमतेम बिस्किटाच्या पुड्याच्या झाकणाएवढा. रंग चार, आणि तेही एकाच हिरवटपणाच्या चार छटा. शिळ्या पालकाच्या रश्श्यात दिसतात तशा. आत दिवा नाही. त्यामुळे खेळायचं तर खिडकीशी किंवा ट्यूबलाइटखाली जाऊन, मान तिरकी करून बसावं लागतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, गृहस्थ सुईत दोरा ओवतायत. तरीही मी तासभर उठलो नाही.

असं का होतं, त्याचं उत्तर हे यंत्र ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं त्या गुनपेई योकोई यांच्या कारकिर्दीत सापडतं. निन्टेंडो ही १८८९ साली क्योटोत सुरू झालेली पत्त्यांची कंपनी. योकोई १९६५ साली तिथे पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला लागले. काम बेताचं, वेळ भरपूर. तेव्हा त्यांनी कामाच्या वेळात, निव्वळ स्वतःच्या करमणुकीसाठी, लांबची वस्तू पकडणारा एक घडीचा हात बनवला. नेमकं ते मालकांनी पाहिलं. आमच्या बँकेत असं काही घडलं असतं तर खुलासा मागणारा मेमो निघाला असता. तिथल्या मालकांनी त्याचं खेळणं बाजारात आणायला सांगितलं. १९६६ सालचं ते ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून जास्त खपलं.

या योकोईंचं एक तत्त्व होतं. ते म्हणत, ‘वाळलेलं’ तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याच्याकडे आडव्या बाजूनं पाहावं. वाळलेलं म्हणजे जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे सगळे खोडे माहीत झालेत असं. गेमबॉय निघाला तेव्हा रंगीत पडदा काही अशक्य नव्हता. अटारी कंपनीचं ‘लिंक्स’ त्याच वर्षी रंगीत पडदा आणि आतला दिवा घेऊन आलं. पुढच्या वर्षी सेगाचं ‘गेम गिअर’ आलं, तेही रंगीत. पण ही दोन्ही यंत्रं सहा-सहा पेन्सिल सेल खायची आणि चार-पाच तासांत मान टाकायची. गेमबॉय चार सेलवर दहा-पंधरा तास चालायचा. शेवटी रंगीत मंडळी मागे पडली. गेमबॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त खपले. आमच्या आज्या याच तत्त्वावर संसार करत. कालच्या पोळीचा कुस्करा हे वाळलेलं तंत्रज्ञान नाही तर काय आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मेहुणीनं यंत्राबरोबर दोन खेळ आणले होते. खेळ म्हणजे मागच्या खाचेत खोचायची चौकोनी वडी. कार्ट्रिज म्हणतात तिला. पहिली वडी ‘टेट्रिस’ची. १९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव नावाच्या माणसानं हा खेळ रचला. हाही कामाच्या जागी. खेळांच्या इतिहासात कामचुकारपणाला फार मानाचं स्थान आहे, हे आमच्या साहेबांना कुणीतरी कळवावं. वरून चार-चार चौकोनांचे वेडेवाकडे तुकडे पडतात, ते फिरवून खाली नीट बसवायचे. आडवी ओळ भरली की नाहीशी होते. ढीग वरपर्यंत पोचला की संपलं. हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे पाजितनोव यांना कित्येक वर्षं रॉयल्टी मिळाली नाही. ती १९९६ नंतर सुरू झाली.

या खेळात कुणी जिंकत नाही. हाइडी बर्गिएल या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली सिद्धच करून ठेवलंय, की तुकडे खरोखर नशिबावर पडत असतील, तर कितीही हुशार माणूस कधी ना कधी हरणारच. दोन जातींचे वाकडे तुकडे आलटून पालटून पुरेसे आले की पुरे. बरं, हरेपर्यंत जे गुण मिळवले ते तरी राहावेत? तेही नाही. गेमबॉयमधलं टेट्रिस तुमचा उच्चांक यंत्र चालू आहे तोवरच धरून ठेवतं. बटण बंद केलं की सगळं साफ. रोज संध्याकाळी खातेवही कोरी! पहिले दोन दिवस माझा जीव तुटला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की मला हलकं हलकं वाटतंय. माझ्या फोनमधला खेळ ‘तीन दिवस आला नाहीत’ म्हणून मला उलटा निरोप पाठवतो, जाहिराती दाखवतो, पैसे भरून जीव विकत घ्या म्हणतो. थकबाकीदाराला आम्ही इतक्या नोटिसा काढत नाही. हे यंत्र बिचारं मागे लागत नाही. खेळलात, आनंद झाला, विषय संपला.

तेव्हा आनंदाला पासबुक लागत नाही, असा निष्कर्ष काढून मी निवांत झालो होतो. मग मी दुसरी वडी खोचली.

ती ‘पोकेमॉन’ची होती. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादातून त्यांनी रचलेला हा खेळ जपानात १९९६ साली आणि अमेरिकेत १९९८ साली आला. गावोगाव हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि आठ ठिकाणच्या गुरूंना हरवून आठ बिल्ले मिळवायचे. याला डझनावारी तास लागतात, म्हणून या वडीत नोंद ठेवायची सोय आहे. आत बटणाएवढा एक सेल असतो. त्याच्यावर ती नोंद जिवंत राहते. नोंद एकाच खेळाची. नवा खेळ सुरू करून साठवला की जुना कायमचा पुसला जातो.

आणि वडीत शिल्लक होती! सेल पंचवीसेक वर्षं टिकला होता. पडद्यावर एका मुलाचं नाव आलं. ते मी सांगणार नाही. खातेदाराचं नाव गुप्त ठेवण्याची नोकरीतली सवय. बिल्ले सात. खेळलेला वेळ ६३ तास १२ मिनिटं. एक बिल्ला उरलेला असताना हा मुलगा उठून गेला होता. त्याच्या ताफ्यातला सगळ्यात तगडा प्राणी म्हणजे रस्त्यात आडवा पडून झोपणारा एक ढेरपोट्या. मुलानं त्याचं नाव ठेवलं होतं, ‘नाना’.

“अगंबाई, हे तर आपले पेणचे नाना!” आमची ही पडद्यात डोकावून म्हणाली. साम्य होतं खरं. पण मेहुणीनं फोनवर खुलासा केला, की तिकडे पुष्कळ घरांत आजीला ‘नाना’ म्हणतात. म्हणजे त्या पोरानं आपल्या सगळ्यात भरवशाच्या गड्याला बहुधा आजीचं नाव दिलं होतं. झालं! मला आता ‘नवा खेळ’ या ओळीवर बोट ठेववेना.

घरात सभा भरली. आमची ही म्हणाली, “अहो, खेळणं आहे ते. पुसा आणि खेळा. त्या मुलाला आठवतही नसेल.” म्हणणं रास्त होतं. त्यानं, किंवा त्याच्या घरच्यांनी, वस्तू विकली. पण वस्तू विकली म्हणजे आतले ६३ तासही विकले का? लॉकर मोडीत निघाला म्हणून आतले दागिने भंगारवाल्याचे होत नाहीत. परत करावं, तर विकणारं बिऱ्हाड त्याच आठवड्यात घर सोडून गेलेलं.

आठवीतली कन्या म्हणाली, “बाबा, मग त्याचाच खेळ पुढे खेळा. आठवा बिल्ला तुम्ही मिळवा.” म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर परस्पर व्यवहार! बिल्ला माझा, नाव त्याचं. याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते मी तिला सांगितलं. “नुसतं खेळा, साठवू नका,” ती म्हणाली. शेकडो मैल चालून रोज सकाळी पुन्हा घरच्या उंबऱ्यावर उभं राहायचं, हे नोकरीत करतोय तेवढं पुरे आहे. मग तिनं सांगितलं, की वडी खोचून आतली नोंद संगणकावर उतरवून घेणारं यंत्र मिळतं, आणि तिच्या मैत्रिणीच्या दादाकडे ते आहे. एक साक्षांकित प्रत काढायची आणि मूळ पुसायचं. प्रश्नच मिटला.

प्रत आम्ही काढली. पण प्रश्न मिटला नाही, हीच तर गंमत. प्रत जिथे कुणी उघडणार नाही अशा जागी पडली. त्यात त्या मुलाची सोय किती आणि माझ्या मनाची किती, हे मला ठरवता येईना.

बँकेत आम्ही हा पेच कसा सोडवतो? दोन वर्षं खातेदाराकडून व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ सालचा. पण पैसे गेले तरी हक्क जात नाही. खातेदार किंवा त्याचा वारस कधीही येऊन मागू शकतो, आणि द्यावे लागतात. माणूस येईल याची खात्री आहे म्हणून नव्हे. बहुतेक वेळा कुणी येत नाही. पण ‘तुम्ही आला नाहीत, म्हणून तुमचं नव्हतंच,’ असं म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. हा नियम मी कित्येकदा काउंटरवर घोकून सांगितलाय. त्यात एवढा माणूसपणा आहे हे मला एका ढेरपोट्या प्राण्यानं शिकवलं.

माझा पहिला निष्कर्ष चुकलाय असं मला अजूनही वाटत नाही. त्या पोराला जो आनंद मिळायचा तो तेव्हाच मिळाला, आणि वडीतली नोंद पुसल्यानं त्यातलं एक मिनिटही कमी होणार नाही. पण तो हिशेब मी स्वतःपुरता करू शकतो. माझा उच्चांक रोज पुसला जावा, माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या आनंदाच्या पानावर मात्र मी काट मारू नये. आपल्याला ज्याचा उपयोग नाही ते कुणाचंच नाही, असं एकदा हाताला वळण लागलं, की ते वळण खेळण्यापाशी थांबत नाही. मग वडिलांच्या जुन्या वह्या रद्दीत जातात, आईनं जपून ठेवलेल्या बरण्या भंगारात जातात, आणि पेणचे नाना ‘जागा अडवतात’ म्हणून पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जातात.

एक दिवस तो सेल आपसूक संपेल. तो बदलायचा म्हटला तर काढताक्षणीच नोंद जाण्याची भीती, म्हणून मी त्याला हात लावत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी वडी खोचतो, नाव, सात बिल्ले आणि ६३ तास जागेवर आहेत हे पाहतो आणि वडी काढून ठेवतो. मग ट्यूबलाइटखाली मान तिरकी करून टेट्रिस लावतो. परवा रात्री चांगले गुण झाले होते. किती, ते आज आठवत नाही. “विजेच्या बिलाची तारीख तरी आठवते का?” आमच्या हिनं विचारलं. ती काल होती.