सेवा की स्वतःचे समाधान?

सेवा केल्याने मनाला बरे वाटते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. पण मग एक प्रश्न उभा राहतो. ज्या कामातून आपल्यालाच शांती मिळते, आपल्यालाच मित्र लाभतात, त्याला सेवा म्हणावे की स्वार्थ?

इंग्लंडमधील एका उपक्रमाच्या आधारे याचा विचार करू या. अफगाणिस्तानच्या युद्धातून अनेक ब्रिटिश सैनिक शरीराने वा मनाने जखमी होऊन परतले. अशांसाठी २०११ साली ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ सुरू झाले. या सैनिकांना पुरातत्त्वाच्या कामात सामावून घेण्यात आले. सॉल्सबरी पठारावर बॅरो क्लम्प येथे बॅजर नावाचे प्राणी बिळे करून एक प्राचीन दफनटेकडी पोखरत होते. तेथील सहाव्या शतकातील थडग्यांचे उत्खनन करण्यात या सैनिकांचा हात लागला. काही थडग्यांत भाले आणि ढालींचे अवशेष मिळाले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या योद्ध्यांना आजचे सैनिक हलक्या हाताने मातीतून मोकळे करीत होते.

खोदकाम थोडे दिवस चालते. त्यानंतरचे टेबलावरचे काम मात्र लांबते. खापराचा तुकडा पाण्यात धरायचा, मऊ ब्रशने माती काढायची. तुटलेली कड नीट स्वच्छ करायची, कारण तिच्यावरूनच दुसरा तुकडा जुळतो. सुकल्यावर काठ, बूड असे वेगवेगळे लावायचे. तो कोणत्या थरातून आला त्याची चिठ्ठी सोबत ठेवायची. ती हरवली तर तुकडा मुका होतो. येथे घाई चालत नाही. हात गुंतलेले, नजर खाली. बोलण्याची सक्ती नसते, म्हणूनच माणूस हळूहळू बोलू लागतो. “तुला काय झाले?” यापेक्षा “हा काठ की बूड?” या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे असते.

उपयोगाची, आनंदाची आणि चांगुलपणाची असे मैत्रीचे तीन प्रकार ॲरिस्टॉटलने सांगितले. टेबलाभोवतीची मैत्री पहिल्या दोन प्रकारांतून सुरू होत असेल. पण ज्याने ते भांडे घडवले, तो आभार मानायला येणार नाही. तरीही त्याच्या तुकड्याची चिठ्ठी चुकू नये म्हणून चारजण काळजी घेतात. ज्याच्याकडून परतफेड होणे नाही, त्याच्यासाठी एकत्र झटताना माणसे तिसऱ्या मैत्रीकडे सरकतात.

म्हणून सेवेतून शांती मिळणे हा स्वार्थ नव्हे. ज्या दिवशी शांती मिळत नाही, त्या दिवशी काम टाकून दिले तर स्वार्थ सुरू होतो. कंटाळवाण्या दिवशीही आपण टेबलाशी येतो का, हीच खरी कसोटी.

आपल्या धर्मग्रामातही एकटे पडलेले पुष्कळ आहेत. कोणी निवृत्त, कोणी विधुर, कोणाची मुले दूर देशी. आपण त्यांना भेटतो, धीर देतो आणि पाच मिनिटांत आपले शब्द संपतात. ज्याला केवळ सांत्वनच मिळते, तो कायम घेणाराच राहतो. त्याच्याकडूनही काही हवे आहे, हे त्याला कोणी सांगतच नाही. आपल्या दफनभूमीतील जुन्या क्रूसांवरची नावे पुसट होत चालली आहेत. एकाने वाचावे, दुसऱ्याने वहीत उतरवावे. पुढच्या भेटीला जाताना आपण एक वही आणि पेन्सिल घेऊन जाऊ या.