बेडी तुटली, मन सुटले काय?



माझे आजोबा पारशिवनीकडे एका मालगुजाराच्या वाड्यावर बेगार करीत. १९५१ साली मालगुजारी संपली, बेगारही गेली. तरी त्या वाड्यापुढून जाताना आजोबा पायातल्या वहाणा हातात घेत. त्यांना अडविणारा कोणी उरला नव्हता. मग वहाणा काढायला कोण लावीत होते?

याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेतील गोऱ्या धन्यांनी बायबलचा आधार दाखवून माणसांची खरेदी-विक्री केली. १८६५ साली घटनादुरुस्तीने तेथील गुलामगिरी बंद झाली. ती नष्ट करणाऱ्या अमेरिकनांना महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले. आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांची दशा त्यांना त्या गुलामांसारखीच दिसली.

पण एक फरक ध्यानात घ्या. तेथील धनी गुलामाला मुक्त करू शकत असे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो की, धन्याने सोडले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही. दास्य त्याला जन्मानेच लागलेले आहे. धनी सोडील, पण धर्म सोडणार नाही! म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले.

भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी आश्वलायन या ब्राह्मण तरुणाला दाखवून दिले होते की, यवन आणि कंबोज देशांत धनी व दास असे दोनच वर्ण आहेत. तेथे धन्याचा दास होतो आणि दासाचा धनी. म्हणजे दास्य जन्माचे नव्हे, माणसांनीच रचलेले आहे. प्राण्यांचा व माणसांचा व्यापारही त्यांनी उपासकाला वर्ज्य सांगितला. हाच धम्म बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला दिला.

आता स्वतःला विचारा. मुलीची सोयरीक जुळविताना आपण ‘बावणे की लाडवन?’ असे विचारतो ना? भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तोंडी पोटजात! माझ्या आजोबांना वहाणा काढायला लावणारा धनी तो हाच. तो वाड्यात नव्हता, मनात होता. आणि आज तो आपल्या बैठकीत येऊन बसला आहे.

कायदा हातापायांची बेडी तोडतो. मनाची बेडी ज्याची त्यानेच तोडायची. पुढच्या सोयरिकीला मुलाचे शिक्षण विचारा, शील विचारा, व्यसन विचारा. पोटजात विचारू नका. कोणी विचारली तर सांगू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!