थंडीने केलेल्या जखमा

‘पर्पल हार्ट’ हे पदक कशाकशासाठी मिळणार नाही, याची एक यादी अमेरिकी लष्कराच्या नियमावलीत आहे. हिमदंश, ओल्या खंदकात दिवसेंदिवस उभे राहून पावले सडवणारा ‘ट्रेंच फूट’, उष्माघात, शत्रूने न घडवलेली अन्नविषबाधा. हिमदंशापुढे मात्र कंसात एक अपवाद आहे: ७ डिसेंबर १९४१ ते २२ ऑगस्ट १९५१ या काळात झालेला आणि रुग्णालयात उपचार घ्यावा लागलेला तीव्र हिमदंश. पहिली तारीख पर्ल हार्बरच्या हल्ल्याची. दुसरी कुठल्याच लढाईची नाही. तिच्या दुसऱ्या दिवशी सुधारित नियम लागू झाला, एवढाच तिचा अर्थ. तेव्हा अमेरिका कोरियात लढत होती. कोरियात ऑगस्टमध्ये बर्फ पडत नाही, त्यामुळे ही रेघ प्रत्यक्षात दोन हिवाळ्यांच्या मधून जाते. १९५०च्या डिसेंबरात ज्याची बोटे काळी पडून गळाली तो जखमी, आणि त्याच युद्धात १९५१च्या डिसेंबरात ज्याची गळाली तो आजारी.

पर्पल हार्टची जातच वेगळी आहे. शौर्यपदकासाठी कुणीतरी शिफारस करावी लागते. हे पदक हक्काचे आहे. शत्रूच्या कारवाईत जखम झाली, तिच्यावर वैद्यकीय उपचार करावे लागले आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद झाली, की ते द्यावेच लागते. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ साली सामान्य शिपायासाठी काढलेल्या कापडी हृदयाच्या खुणेतून त्याची कल्पना आली. वॉशिंग्टनच्या जन्माच्या द्विशताब्दीला, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, तेव्हाचे लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ती परंपरा पुन्हा सुरू केली. हेच मॅकआर्थर १९५०च्या नोव्हेंबरात कोरियात सरसेनापती होते, आणि नाताळपर्यंत माणसे घरी परततील अशा भरवशावर त्यांनी फौजा उत्तरेला यालू नदीच्या दिशेने ढकलल्या.

पुढे उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी चिनी फौजांशी गाठ पडली तेव्हा जे झाले ते युद्धेतिहासात नोंदलेले आहे. रात्रीचे तापमान उणे तीसच्या खाली जाई. प्लाझ्माच्या बाटल्या गोठत; मॉर्फिनच्या कुप्या वितळाव्यात म्हणून वैद्यकीय जवान त्या तोंडात धरून ठेवत. घाम आलेल्या पायांत बुटांच्या आतच बर्फ धरे, आणि बूट काढून मोजे बदलायला थांबावे तर समोरून हल्ला होई. जलाशयाच्या पूर्वेला असलेली अमेरिकी लष्कराची तुकडी जवळजवळ संपली. गोठलेल्या पाण्यावरून चालत वाचलेले लोक हागारू-रीच्या अमेरिकी तळावर पोहोचले तेव्हा त्यांच्यात हाती शस्त्र धरू शकतील असे चारशेसुद्धा नव्हते. समोरच्या चिनी सैनिकांची अवस्था त्याहून वाईट होती. पातळ कापडी बूट घालून आलेल्या त्यांच्या नवव्या सेनासमूहात हिमदंशाने निकामी झालेल्यांचा आकडा तीस हजारांच्या घरात जातो. भारताची ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स त्याच हिवाळ्यात कोरियात होती. प्योंगयांग सोडायची वेळ आली तेव्हा औषधे आणि उपकरणे मागे टाकण्याऐवजी या लोकांनी एक इंजिन मिळवले आणि सगळे सामान आगगाडीने बाहेर काढले.

आता विचारावेसे वाटते, की या थंडीला नुसते हवामान म्हणता येईल का? माणूस उणे तीसमध्ये रात्रभर उघड्यावर पडून राहतो तो शेकोटी पेटवली तर गोळी येते म्हणून. पर्वतात तो असतो तो कुणीतरी नकाशावर बोट ठेवले म्हणून. शत्रू त्याला हलू देत नाही आणि बर्फ त्याचे काम करते. या दोघांची कामे वेगळी काढून एकाला युद्ध आणि दुसऱ्याला निसर्ग म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या नियमकर्त्यांनाही ते पूर्णपणे पटलेले दिसत नाही. बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या उघड्या खिडक्यांशी उभे राहून मशीनगन चालवणाऱ्यांना पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीसचा वारा झोंबत असे. जाम झालेली बंदूक सोडवायला हातमोजा काढला तर बोटे गेलीच. त्यांच्या हिमदंशाला तेव्हा पर्पल हार्ट मिळत होते.

ट्रेंच फूट मात्र त्या काळातही वगळलेला होता. पायांची निगा सैनिकाच्या हातात असते, कोरडे मोजे घालावेत, रोज पाय चोळावेत, ही शिस्त पाळली की हे दुखणे टळते, असा त्यामागचा विचार. त्यात तथ्य आहे. जिथे अधिकाऱ्यांनी रोज पाय तपासले तिथे रुग्ण खरोखर कमी झाले. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९४४च्या सप्टेंबरात युरोपात रसदीची ओढाताण असताना दारूगोळा आणि पेट्रोल पुढे न्यायचे म्हणून आपण हिवाळी कपड्यांच्या खेपा जाणूनबुजून मागे ठेवल्या, हे अमेरिकी सेनापती जनरल ओमार ब्रॅडली यांनी स्वतःच्या आठवणींत मोकळेपणाने लिहिले आहे. नोव्हेंबरात पाऊस आणि गारठा आला तेव्हा ओल टाळणारे बूट पुरेसे नव्हते. सेनापतीचा तो निर्णय कदाचित योग्यही असेल. युद्धात अशा निवडी कराव्याच लागतात. मग त्या निवडीची किंमत ज्याने पावलांनी मोजली, त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका का? थंडीच्या जखमांना जखमा म्हणायला सत्ता कचरते, याचे एक कारण मला इथे दिसते. गोळी शत्रूची असते, तिचा हिशेब शत्रूच्या नावावर टाकता येतो. हिमदंशाचा हिशेब मांडायचा तर कोठारातले बूट मोजावे लागतात.

हिटलरच्या जर्मनीने १९४२मध्ये पूर्व आघाडीवरच्या हिवाळ्यासाठी खास पदक काढले. जखमींसाठीचा ‘वूंड बॅज’ मिळण्याइतका हिमदंश झाला असेल, तर तेवढ्यावरही ते मिळे. सैनिकांनी त्याला ‘गोठलेल्या मांसाचे पदक’ असे नाव दिले. लोकरी कपड्यांची पुरेशी सोय न करता मॉस्कोवर पाठवलेल्या माणसांच्या छातीवर पदक लावून तो हिशेब फिटला नव्हता. पदकाने न्याय होतोच असे नाही, हे त्यावरून कळते.

तरीही हिमदंशासाठी पर्पल हार्ट मागणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकाला हलके लेखू नये. त्याला बहुधा पैसा नको असतो. भरपाईच्या बाबतीत अमेरिकी सरकार त्याला ओळखतेच. १९९८पासून तिथल्या माजी सैनिक खात्याच्या नियमांत थंडीच्या जखमांच्या उरलेल्या परिणामांना स्वतंत्र क्रमांक आहे: वेदना, बधिरपणा, थंडी सहन न होणे, नखांची विकृती, अतिघाम, क्ष-किरणात दिसणारी हाडांची झीज. म्हणजे एक खाते म्हणते की तुझे पाय युद्धात गेले, आणि दुसरे म्हणते की जखम झालीच नाही. त्याला या दोन खात्यांनी एकच गोष्ट बोलावी असे वाटते.

आणि ज्याची तारीख कंसात बसते, त्याच्यापुढे पुराव्याचा डोंगर असतो. रुग्णालयाची नोंद दाखवा. पण चोसिनहून माघार घेताना चालता येणाऱ्याला रुग्णालयात कोण पाठवणार होते? बंदूक उचलता येत होती, तो चालत राहिला. ज्यांची नोंद झाली त्यांच्यापैकीही अनेकांची १२ जुलै १९७३ला जळाली. सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी नोंद केंद्राला लागलेल्या आगीत १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. कागद सरकारच्या ताब्यात होता आणि सरकारच्या इमारतीत जळाला, तरी तो हजर करण्याची जबाबदारी नव्वदी ओलांडलेल्या माणसावर, हे मला उघड अन्यायाचे वाटते. अशा वेळी संशयाचा फायदा सैनिकालाच मिळायला हवा.

सरसकट सगळ्या थंडीला पदक द्यावे असे मी म्हणणार नाही. छावणीत, शत्रूपासून शेकडो मैलांवर झालेला हिमदंश हा अपघात आहे, आणि ज्याच्या अंगात छर्रे गेले त्याच्या पदकाचे मोल राखलेच पाहिजे. पण शत्रूच्या समोर, हलता येत नसताना गोठलेले बोट ही लढाईतली जखम आहे. ती १९५१च्या आधीची की नंतरची, याने तिच्यात काही फरक पडत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १३ एप्रिल १९८४पासून आपले जवान सियाचीनवर आहेत. तिथे पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो, आणि तिथले बहुतेक मृत्यू गोळीने झालेले नाहीत. २००३च्या भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीनंतर तर हिमनदीवरचा तोफमारा थांबला. हिमस्खलन, विरळ हवा आणि हिमदंश थांबले नाहीत. सातारा, कोल्हापूरच्या गावागावांत तिथे राहून आलेली माणसे आहेत. सियाचीन ग्लेशियर मेडल तिथे सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळते. बोटे गमावलेल्याला आणि न गमावलेल्याला सारखेच. जखमींसाठीचे ‘वूंड मेडल’ म्हणजेच ‘पराक्रम पदक’ शत्रूच्या थेट कारवाईतल्या जखमेला आहे. तिथे शत्रूच्या समोर गोठलेल्या बोटालाही जागा असावी, ही चर्चा संरक्षण मंत्रालयाने आज ना उद्या करायलाच हवी. तोवर एक काम आपल्या हातात आहे. तुमच्या घरात, शेजारात सियाचीनहून आलेला माजी सैनिक असेल, तर त्याचे रुग्णालयातले डिस्चार्जचे कागद आणि मेडिकल बोर्डाचा अहवाल शोधून त्याच्या प्रती काढा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्या नोंदी नीट आहेत का ते पाहा, आणि बोटे कुठे, कधी, कशी गेली हे त्याच्या तोंडून ऐकून, तारीख घालून, त्याच्या सहीने लिहून ठेवा.