शोधप्रबंध आणि अस्तेय

सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत अकरा व्रतं म्हटली जातात. सत्य-अहिंसेवर आमच्या वर्धा जिल्ह्यात वर्षभर व्याख्यानं चालतात, अपरिग्रहावर अधूनमधून चर्चासत्र होतं. अस्तेय मात्र यादीत असून नसल्यासारखं. चोरी करू नये, यात बोलण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांना वाटत असावं. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट दरवर्षी माझ्याकडे असतात. त्या अनुभवावरून सांगते, विद्यापीठातल्या माणसाला अकरांपैकी सर्वांत जड जाणारं व्रत हेच आहे.

हिवाळा सरता सरता आमच्याकडे संशोधकांचा हंगाम सुरू होतो. आर्किटेक्चरची मुलं बाहेरगावाहून येतात आणि टेप लावून बापूकुटी मोजतात. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला इथे, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. ही कुटी मीराबेननी आधी स्वतःसाठी बांधली होती. मातीच्या भिंती, वर कवेलू, भिंतीवर त्यांनीच मातीत उठवलेले ताडाचे झाड, चरखा आणि ॐ. मुलं खिडकीची उंची घेतात, छपराचा उतार काढतात, शीटवर सुरेख आरेखन करतात. समाजकार्याची मुलं फॉर्म घेऊन गावात शिरतात. आमची मुलं मातीचे नमुने पिशवीत भरतात. 2014 मध्ये 'उन्नत भारत अभियान' सुरू झालं, महाविद्यालयांनी गावं निवडली, तेव्हापासून ही वर्दळ आणखी वाढली. तिघांचे विषय वेगळे, पण उंबरठा एकच: कोणाचं तरी घर.

त्या घरातून आपण जे घेऊन जातो, ते नेमकं काय असतं?

सोपं उत्तर असं की काहीच नाही. भिंत मोजल्यानं भिंत कमी होत नाही. दिव्यानं दिवा लावला तर पहिला विझत नाही. ज्ञान ही वाटल्यानं वाढणारी गोष्ट, तिथे चोरीचा प्रश्न येतोच कुठे? शिवाय आम्ही विचारून घेतो. संमतीपत्रावर सही असते, सही येत नसेल तर अंगठा असतो. हे उत्तर मला माझे हुशार विद्यार्थीच देतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पण चोरी म्हणजे दुसऱ्याकडचं कमी करणं, ही व्याख्या आपल्याकडे कधीच पुरेशी मानलेली नाही. जैन आणि बौद्ध दोन्ही परंपरांनी वस्तू कमी झाली का, हे न पाहता ती दिली गेली होती का, हे पाहिलं. न दिलेलं घेणं ते अदत्तादान. हा निकष आमच्या फॉर्मला लावून बघा. आम्ही अंगणात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, यानं घरकुल भेटन का जी?" मी आधीच सांगते, नाही, हा कॉलेजचा अभ्यास आहे. मान डोलावली जाते, पण विश्वास बसत नाही. हातात कागद आणि गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस उगाच कशाला घर मोजेल? पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि त्यासाठीही कोणीतरी असंच येऊन फोटो काढून जातं. मग ती बाई घरातली माणसं, कर्ज, आजारपण, सगळं सांगते. तिनं ते दिलं खरं, पण आमच्या शोधप्रबंधाला नाही. न येणाऱ्या घरकुलाला दिलं. संमतीपत्रावरचा अंगठा खरा असला तरी माहिती अदत्तच राहते.

गांधीजींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहिलं. पुढे तीच पत्रं 'मंगलप्रभात' झाली. अस्तेयाच्या पत्रात ते दोन पावलं पुढे जातात. ज्याची गरज नाही ते परवानगीनं घेतलं तरी चोरी, हे एक. आणि जो विचार आपल्याला सुचलेला नाही तो आपला म्हणून मिरवणं हीदेखील चोरी, हे दुसरं. दोन्ही वाक्यं विद्यापीठासाठीच लिहिली आहेत असं मला वाटतं.

पहिलं प्रश्नावलीला लागू पडतं. चार पानी फॉर्ममधल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं प्रबंधात कुठेच वापरली जात नाहीत. ते आधीच्या बॅचच्या फॉर्ममधून उतरलेले असतात. घराच्या छपरावर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलाला त्या घरातल्या सावकारी कर्जाचा आकडा कशाला हवा? हे सर्वांत जास्त टोचतं ते शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांत. 2005 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं या आत्महत्यांवर मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला, 2006 मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेनं राज्य सरकारला दिला. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. हे अभ्यास व्हायलाच हवे होते. पण त्यानंतर त्याच दारांवर तोच प्रश्न घेऊन किती फॉर्म गेले असतील! नवऱ्यानं कोणतं औषध घेतलं, हे बायकोनं आणखी एका अनोळखी मुलाला सांगायचं, आणि का, तर त्याचे नमुने कमी पडतात. उत्तर छापील अहवालात आधीच असताना ते पुन्हा त्या बाईच्या तोंडून काढणं, ही मी चोरीच समजते.

दुसरं वाक्य आमच्या प्रयोगशाळेला लागू पडतं. आमच्याकडे शेत म्हणजे काळी आणि गाव म्हणजे पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरची भिंत तडकवते. म्हणून जुनी वस्ती पांढरीवर. आता गावठाणात जागा उरली नाही, नवी वस्ती काळीत सरकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत जोत्याला तडे जातात. देवळी तालुक्यातल्या एका गावात म्हातारबुवांनी माझ्या विद्यार्थ्यांना हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं. कोणत्या बाजूला किती खोल खणलं की मुरूम लागतो, हेही सांगितलं. मुलांनी नमुने आणले, फुगवट्याची चाचणी केली, निष्कर्ष तोच निघाला. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात पुस्तकं होती, भारतीय मानकं होती, यंत्राचा मेक आणि मॉडेल होतं. म्हातारबुवा नव्हते. पुस्तकातलं वाक्य न सांगता उचललं तर वाङ्मयचौर्य, त्याला सॉफ्टवेअर आहे. ओट्यावरचं वाक्य उचललं तर ते 'फील्डवर्क'.

इथे एक अडचण परंपरेकडूनच येते. आपण म्हणतो, ज्यांच्याकडून ज्ञान मिळालं त्यांचं ऋषिऋण असतं. पण ते फेडायचं कसं, तर स्वतः शिकून आणि पुढच्याला शिकवून. ऋषींना काही परत द्यायचं नसतं, ते केव्हाच होऊन गेले. ही व्यवस्था गुरुकुलाला शोभते, पण संशोधकाला ती फार सोयीची पळवाट देते. मी सेलू तालुक्यातून घेतलं आणि नागपूरच्या परिषदेत दिलं, फिटलं ऋण! आमचे ऋषी तर जिवंत आहेत. ते तडा गेलेल्या जोत्यावर राहतात आणि पुढच्या पावसाची वाट बघत असतात. घेतलं एकाकडून आणि दिलं भलत्यालाच, तर ते दान होईल, परतफेड होत नाही.

परतफेडीबद्दल गीता फार कठोर आहे. तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगताना ती म्हणते की मिळालेलं परत न देता जो भोगतो, तो चोरच. हा श्लोक वर्धेकरांना पोथी उघडूनच वाचायला हवा असं नाही. गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची गीताई अठरा अध्यायांसह दगडांवर कोरलेली आहे. 1980 साली उभं राहिलेलं हे मंदिर, ना छप्पर ना मूर्ती. आर्किटेक्चरची मुलं तिथेही येतात, मोकळ्या आकाशाखालच्या मंदिराची रचना टिपतात. तिसऱ्या अध्यायाच्या शिळांसमोर उभं राहून वाचावं, एवढंच माझं त्यांना सांगणं असतं. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत यज्ञ, दान आणि तप यांची जी फोड केली, ती एखाद्या अभियंत्याला पटावी अशी आहे: सृष्टीची आपण जी झीज करतो ती भरून काढणं म्हणजे यज्ञ, समाजाचं ऋण फेडणं म्हणजे दान, देहाची शुद्धी म्हणजे तप. संशोधनातही झीज होते. माणसांचा विश्वास झिजतो, एक दिवसाची मजुरी बुडते, जुनी जखम उघडी पडते. ती भरून काढायची तर ज्याची झीज झाली त्याच्याकडेच गेलं पाहिजे.

हे अशक्य नाही, याचे पुरावे याच जिल्ह्यात आहेत. देवेंद्रकुमारांनी 1976 मध्ये वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. कवेलूंच्या जागी टिनं आली तसा कुंभाराचा धंदा बसत चालला होता. या केंद्रानं कुंभाराच्या चाकावरच निमुळत्या नळ्यांसारखी टाइल घडवली. एकीचं टोक दुसरीच्या तोंडात बसवत गेलं की कमान होते, कमानीला कमान लावत गेलं की छप्पर. ना लाकडाची मयाल, ना लोखंडाची सळई. यातली अभियांत्रिकी विद्यापीठातली, पण हात आणि चाक कुंभाराचं, आणि मजुरीही त्याच्याच घरी गेली. कुंभाराचं ज्ञान घेतलं आणि ते त्याला काम म्हणून परत दिलं, याहून अस्तेयाचं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातही प्रत्येक बॅच एक गाव घेते, विद्यार्थ्याकडे ठरावीक कुटुंबं दिलेली असतात आणि तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. याच महाविद्यालयाच्या रुग्णालयानं गावांकडून ऐपतीप्रमाणे ज्वारी घेऊन आरोग्यविम्याची योजना चालवली. ज्यांच्यावर वैद्यकी शिकायची, तेच त्या सेवेचे धनी.

परत देणं म्हणजे आपल्याला हवं ते परत देणं, असा मात्र अर्थ नाही. आर्किटेक्चरच्या मुलांना मातीचं घर फार आवडतं. त्यांचं शास्त्र बरोबर आहे: हातभर जाडीच्या भिंतीतून दुपारची ऊब आत पोचायला संध्याकाळ होते, टिनातून ती डोक्यावर लगेच ओतली जाते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. पण एका घरी या विषयावर आमच्या पाहुण्या विद्यार्थ्याचं भाषण रंगलं तेव्हा शेणानं हात भरलेली घरमालकीण म्हणाली, "तुमाले एवढं आवडते त तुमीच राहा न जी मातीत. आमाले सिमिटाचं द्या." तिच्या हिशेबात जी गोष्ट होती ती आमच्या तक्त्यात नव्हती. दर आठवड्याचं सारवण, दर दिवाळीची पोताई, पावसाळ्याआधी कवेलू फेरणं, आणि यातलं बहुतेक काम बाईचं. बापूकुटी उभी आहे कारण तिची निगा राखायला आश्रम आहे. या बाईच्या घराला तीच एक आहे. तिचं घर आपल्या तत्त्वज्ञानाचा नमुना म्हणून मिरवणं हेही न दिलेलं घेणंच. तिला परत द्यायचं तर असं छप्पर द्यायला हवं जे थंडही राहील आणि तिच्या अंगावरचं कामही कमी करील. ते शोधणं कठीण आहे. तेच संशोधन.

कोणी म्हणेल, एवढं सोवळं पाळलं तर मूलभूत ज्ञान वाढणारच नाही. प्रत्येक शोधाचा उपयोग लगेच कोण दाखवू शकतो? मान्य आहे. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला ताऱ्यांना काही द्यायचं नसतं. पण ज्याचा अभ्यास उत्तर देऊ शकणाऱ्या, आशा धरणाऱ्या माणसावर उभा आहे, त्याला ही सूट नाही. शोध फसला तरी चालेल. तो फसला हेसुद्धा त्या अंगणात जाऊन सांगायला हवं.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. त्यानंतर झाकीर हुसेन समितीनं शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हाताच्या कामाला दिली. शिकताना मुलानं समाजाला काहीतरी करून द्यावं, हा विचार तेव्हा शाळकरी पोरांसाठी होता. पदवीधर होऊ घातलेल्यांना आपण त्यातून का सोडलं, हे मला कळत नाही. आमचं विद्यापीठ तर ग्रामगीता लिहिणाऱ्या राष्ट्रसंतांच्या नावाचं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन अटी घालते. ज्या प्रश्नाचं उत्तर प्रबंधाच्या कोणत्या पानावर जाणार हे सांगता येत नाही, तो फॉर्ममधून काढायचा. ज्यानं ओट्यावर शिकवलं त्याचं नाव, त्याच्या परवानगीनं, पुस्तकांच्या रांगेत लिहायचं. आणि बाइंडिंगला जाण्याआधी निष्कर्ष गावात मराठीतून वाचून दाखवायचे, विरोध झाला तर तोही नोंदवायचा. देवळीच्या म्हातारबुवांचं नाव असंच आलं. माझ्यासारख्या प्रत्येक गाइडला माझी विनंती आहे की व्हायवात एक प्रश्न वाढवा: "ज्यांच्याकडून घेतलंस, त्यांना काय देऊन आलास?" ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याचा प्रबंध कितीही देखणा असो, तो अपुरा समजावा आणि त्याला पुन्हा गावात पाठवावं.