हिंवाळ्यापूर्वीं

(वाचनभाग : २ तीमथ्य १:१५-१८ व ४:९-२१)



पौल रोम शहरीं कैदेंत असतां अनेसिफर नांवाचा एक गृहस्थ त्यास भेटावयास गेला. रोम कांहीं पाटोद्याएवढें गांव नव्हे, कीं बाजारांत उभें राहून विचारावें आणि कोणीहि बोट दाखवावें. कैदी कोठें ठेविला आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. त्यानें शोध केला, कसून शोध केला, आणि शेवटीं पौल सांपडला. हा भाग आम्ही कित्येक वर्षें वाचीत आलों, त्यावर उपदेशहि केले. परंतु त्यांतील शोधाच्या गोष्टीवर आमचें बोट कधीं थांबलें नव्हतें. गेल्या पावसाळ्यांत तें थांबलें. कां थांबलें, तें सांगतों.

आमच्या तालुक्यांतील एका लहान मंडळींतली ही हकीकत आहे. गांवाचें व माणसांचें नांव आम्ही लिहीत नाहीं. दोन शेजारी शेतकरी, दोघेहि ख्रिस्ती, एकाच सतरंजीवर बसून प्रभुभोजन घेणारे. पेरणीच्या दिवसांत बांधावरून शब्दास शब्द लागला आणि एकानें ऊस तोडण्याचा कोयता उचलला. दुसऱ्याचा हात मनगटाजवळ कापला गेला. त्याच संध्याकाळीं पोलिसांनीं पहिल्यास नेलें.

पुढच्या रविवारीं आम्हीं शांतीसाठीं प्रार्थना केली आणि तेवढ्यावर थांबलों. कैद्याची बायको उपासनेस आली नाहीं. तिला वाटलें, मंडळी आपल्यावर रागावली आहे. मंडळीस वाटलें, ती लाजली आहे, तिला एकटीस राहूं द्यावें. आम्हांस वाटलें, प्रकरण न्यायालयांत आहे, पाळकानें त्यांत पडूं नये. अशा रीतीनें तिघांनींहि आपापल्या परीनें समंजसपणा दाखविला आणि ती बाई एकटी तीन दिवस नवऱ्याचा शोध करीत फिरली. ठाण्यांत गेली, तों त्यास न्यायालयांत नेलें होतें. न्यायालयांत गेली, तों तेथून त्यास परत पोलिसांच्या ताब्यांत दिलें होतें. कांहीं दिवसांनीं पुन्हां गेली, तों त्यास बीडला हलविलें, एवढेंच कळलें. अनेसिफराचें काम तिनें केलें, आम्हीं केलें नाहीं.

जें तिला त्या वेळीं कोणी सांगितलें नाहीं, तें आमच्या प्रत्येक उपदेशकास ठाऊक असलें पाहिजे. पकडलेल्या मनुष्यास चोवीस तासांच्या आंत न्यायाधीशापुढें उभें करावें लागतें. हें राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमांत आहे. न्यायाधीश त्यास एकतर पोलीस कोठडी देतो, म्हणजे तो ठाण्याच्या ताब्यांत तपासासाठीं राहतो. किंवा न्यायालयीन कोठडी देतो, म्हणजे तो कारागृहांत जातो. हे दोन शब्द ऐकावयास सारखे वाटतात, पण माणूस कोठें शोधावा हें त्यांवरच ठरतें. आमच्याकडचा न्यायाधीन कैदी बहुतकरून बीडच्या जिल्हा कारागृहांत सांपडतो. मोठी शिक्षा झाली म्हणजे बहुधा त्यास छत्रपति संभाजीनगरच्या हर्सूल येथील मध्यवर्ती कारागृहांत किंवा त्याहून दूर नेतात. म्हणून त्याचें पूर्ण नांव, बापाचें नांव, गुन्ह्याचा नंबर व ठाण्याचें नांव एका कागदावर लिहून ठेवावें. तो कागद घरांतील देव्हाऱ्यासारखा जपावा, असें आम्ही म्हणणार होतों. पण आपल्या घरीं देव्हारा नाहीं, तेव्हां शास्त्रांत ठेवावा.

आम्ही तिसऱ्या महिन्यांत गेलों. मांजरसुंब्याच्या रस्त्यानें बीडला पोहोंचेपर्यंत काय बोलावें याची मनांत जुळवाजुळव चालली होती. एक स्तोत्र, एक वचन, एक प्रार्थना, असें ठरविलें होतें. बरोबर भाकरी, ठेचा व शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले होते. दारावर पहिली गोष्ट कळली ती ही, कीं घरचा डबा आंत जात नाहीं. दुसरी ही, कीं ओळखपत्रावांचून माणूसहि आंत जात नाहीं. आमचें आधारकार्ड सुदैवानें खिशांत होतें. लाडू बाहेर झाडाखालीं बसलेल्या एका म्हातारीस दिले. तीहि लेकासाठींच आली होती.

जाळीपलीकडे तो उभा राहिला. आम्हांस पाहून त्याचा चेहरा उजळला असें आम्ही लिहिलें असतें, तर वाचकांस बरें वाटलें असतें. तसें झालें नाहीं. तो खालीं पाहत होता. मग त्यानें बैलांविषयीं विचारलें. मग धाकट्या मुलाच्या शाळेविषयीं. आणि मग त्यानें विचारलें, "साहेब, त्याचा हात कसा आहे?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. कारण ज्याचा हात कापला होता, त्याच्या घरींहि आम्ही प्रार्थनेपलीकडे कांहीं विचारपूस करावयास गेलों नव्हतों. जुळवून नेलेलें वचन तोंडांतच राहिलें. भेटीची वेळ संपली.

बंधूंनो, परत येतांना आम्हीं गाडींत पौलाचें तेंच पत्र पुन्हां वाचलें. पौल कैदेंतून काय मागतो? त्रोवस येथें कार्पाकडे राहिलेला झगा मागतो. पुस्तकें मागतो, विशेषेंकरून चर्मपत्रें. आणि हिंवाळा लागण्यापूर्वीं येण्याची विनंति करितो. एवढा मोठा प्रेषित, मृत्यु जवळ दिसत असतां, थंडीच्या कपड्याची गोष्ट लिहितो. आम्ही मात्र कैद्यास भेटणें म्हणजे त्यास उपदेश करणें असें धरून चालतों. यिर्मयास चिखलाच्या विहिरींतून काढतांना एबद-मलेख कूशी यानें नुसते दोर सोडले नाहींत; काखा कांचूं नयेत म्हणून आधीं जुनेर व चिंध्या खालीं सोडल्या. राजाची परवानगी काढणें हें मोठें काम त्यानें केलें, आणि चिंध्या शोधणें हें लहान कामहि त्यानेंच केलें. शास्त्रानें दोन्ही लिहून ठेविलीं आहेत.

आतां आमच्या कित्येक मंडळ्यांत एक अडचण बोलून दाखविली जाते, ती खरी आहे. लोक म्हणतात, त्यानें गुन्हा केला आहे. आपण त्याच्याकडे गेलों, तर गुन्ह्यास पाठिंबा दिला असें होईल. यावर दोन गोष्टी आहेत. पहिली, तुरुंगांत असलेला प्रत्येक जण दोषी ठरलेला नसतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजीं भारताच्या कारागृहांत ५,७३,२२० माणसें होतीं, आणि त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा खटला अजून संपला नव्हता. म्हणजे चारांत तिघांस न्यायालयानें दोषी ठरविलेंच नव्हतें. आपण पारावर बसून ठरविलें. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आमच्या हकीकतींतील मनुष्यानें कोयता चालविला होता. तें तो स्वतः नाकारीत नाहीं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत प्रभु आपण बंदिशाळेंत असल्याची गोष्ट करितो, तेव्हां तो कैदी निर्दोष होता काय, हें विचारण्यास जागाच ठेवीत नाहीं.

तरी जखमी मनुष्याच्या घराकडे पाठ करून तुरुंगाकडे जाणें हा अन्याय होय, आणि तो आम्हीं होऊं देतां कामा नये. दुसऱ्याच दिवशीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. हातास टांके होते, दोन बोटें वळत नव्हतीं. त्यानें आमचें म्हणणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "तुम्ही त्याच्याकडे आधीं गेलां." हें खरें होतें. आम्हीं क्षमा मागितली. तडजोड कर, साक्ष देऊं नको, असा एकहि शब्द आम्हीं काढला नाहीं, आणि कोणाहि पाळकानें किंवा उपदेशकानें काढूं नये. साक्षीदारास वळविणें हा गुन्हा आहे, आणि प्रार्थनेच्या आवाजांत केल्यानें तो कमी होत नाहीं. त्या घरची पेरलेली कपाशी खुरपावयाची राहिली होती. मंडळीच्या बायांनीं ती दोन दिवसांत खुरपली. कैद्याची बायकोहि खुरपें घेऊन आली होती. बांधाच्या अलीकडे राहून तिनें काम केलें. कोणी तिला बोलाविलें नाहीं आणि कोणी तिला घालविलें नाहीं.

कैद्याच्या बाजूचें काम पुष्कळ आहे, आणि त्यांत पैशापेक्षां माहिती अधिक लागते. न्यायालयाच्या व तुरुंगाच्या आवाराबाहेर, 'साहेबांस सांगून सोडवितों' असें म्हणणारे लोक भेटतात. आमच्या बहिणीनेंहि कानांतलें मोडून अशा एकाच्या हातांत पैसे ठेविले. तो पुन्हां दिसला नाहीं. वास्तविक १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानें कोठडींतील मनुष्यास, त्याचें उत्पन्न कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीं बीड येथें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें, किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि करावा. वकिलास एक प्रश्न अवश्य विचारावा : आरोपपत्र दाखल झालें काय? कारण गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणें साठ किंवा नव्वद दिवसांत तें दाखल न झाल्यास जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो; परंतु तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र आल्यावर मागून उपयोग नाहीं.

जामिनाचा हुकूम होऊनहि माणूस आंतच राहतो, असेंहि घडतें. रक्कम भरावयास नसते, किंवा जामीनदार मिळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ३१ जानेवारी २०२३ रोजीं ठरवून दिलें आहे, कीं हुकूम झाल्यापासून सात दिवसांत कैदी सुटला नाहीं, तर कारागृहाच्या अधीक्षकानें तें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावें. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांसाठीं योजना काढली. तींत जामिनासाठीं ४०,००० रुपयांपर्यंत व शिक्षा झालेल्याच्या दंडासाठीं २५,००० रुपयांपर्यंत मदत ठेविली होती. कांहीं गुन्हे तींतून वगळले आहेत. विचारल्यावांचून मात्र ती कोणाच्या दारीं चालत येत नाहीं. मंडळींतील कोणी सातबारा देऊन जामीनदार राहूं इच्छील, तर तें पुण्यकर्म खरें. पण तो मनुष्य तारखेस हजर न राहिल्यास रक्कम जामीनदारास भरावी लागते, हें बायकापोरांस सांगून मगच सही करावी.

भेटीविषयीं थोडें. न्यायाधीन बंद्याचे व शिक्षाबंद्याचे भेटीचे नियम निराळे असतात. ठरलेला वार अगोदर विचारून जावें, म्हणजे एस. टी. चें भाडें फुकट जात नाहीं. 'ई-मुलाकात' म्हणून मोबाइलवर तोंड पाहून बोलण्याची सोयहि सरकारनें केली आहे. गांवांतल्या एखाद्या शिकलेल्या मुलास नोंदणी करावयास सांगावें. राज्यांतील कांहीं मध्यवर्ती कारागृहांत शिक्षाबंद्यांच्या लेकरांसाठीं 'गळाभेट' ठेवितात, त्या दिवशीं मध्यें जाळी नसते. आंत किरकोळ जिन्नस विकत घेतां यावे म्हणून कैद्याच्या खात्यावर कार्यालयामार्फत पैसे ठेवितां येतात. चोरून चिठ्ठी, तंबाखू, कांहीं एक नेऊं नये. शिक्षा आंतल्यासच भोगावी लागते.

आणि पत्र लिहावें. कैद्याचें नांव, त्याचा बंदी क्रमांक व कारागृहाचा पत्ता स्पष्ट लिहावा. पत्र अधिकारी वाचतात, म्हणून खटल्याविषयीं एक अक्षर घालूं नये. मग लिहावें काय? गाय व्याली तें लिहावें. विहिरीस पाणी किती आहे, मुलगा कितवींत गेला, नाताळास कोणी कोणतें गीत म्हटलें, हें लिहावें. साने गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, हें सर्वांस ठाऊक आहे. भिंतींच्या आंत बसलेल्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें घर उभें राहतें, तें असें. त्याला घरच पाठवावें. योसेफानें प्यालेबरदारास एकच गोष्ट मागितली होती, कीं माझी आठवण ठेव. तो बाहेर आला आणि विसरला. तो दुष्ट नव्हता. त्याचें काम चालूं झालें होतें. पूर्ण दोन वर्षें योसेफ त्या विसरण्यांत राहिला.

आमच्या भागांत हें विसरणें दसऱ्यानंतर सुरू होतें. बालाघाटाचीं गांवें रिकामीं होतात, टोळ्या साखर-कारखान्यांकडे जातात, आणि घरीं म्हातारीं माणसें व शाळेचीं पोरें उरतात. ज्याची बायको कोयता घेऊन घाटाखालीं किंवा कर्नाटकांत गेली, त्या कैद्यास पांचसहा महिने कोण भेटणार? पौलानें तीमथ्यास हिंवाळ्यापूर्वीं कां बोलाविलें, हें आमच्या तालुक्यांतील मनुष्यास टीका-ग्रंथ न उघडतां समजतें.

आमची बहीणहि उचल घेतलेली असल्यामुळें गेली. जाण्याच्या आदल्या रात्रीं ती उपासनेस आली, पावसाळ्यापासून पहिल्यानेंच. प्रार्थना झाल्यावर उपदेशकांनीं वही काढली आणि ठरलेल्या भेटींच्या वारांपुढें कोण जाणार त्यांचीं नांवें विचारलीं. पहिलें नांव आम्हीं दिलें, दुसरें उपदेशकांनीं, तिसरें शाळेंत शिकविणाऱ्या एका बहिणीनें. मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. दाराजवळ जो बसला होता, ज्याचीं दोन बोटें वळत नाहींत, तो म्हणाला, "मी जाणार नाहीं. पण त्याच्या बैलांस वैरण मी टाकीन." उपदेशकांनीं वहींत तें तसेंच लिहिलें. बाईनें पदराच्या गांठींतून गुन्ह्याचा व बंदी क्रमांकाचा घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातीं दिला. पहांटे टोळीची गाडी निघाली.