मानणे आणि पाळणे

परक्या मुलखात एखाद्या कुटुंबाच्या घरी काही महिने राहणाऱ्या माणसापुढे धर्माचा जो प्रश्न उभा राहतो, तो दोन दिवसांच्या यात्रेकरूला सहसा पडत नाही. यात्रेकरूचा देवाशी संबंध दर्शनापुरता असतो. घरात राहणारा मात्र त्या घरचे अन्न खातो, त्याच चुलीपाशी हात शेकतो, घराच्या सणात आणि सुतकात सापडतो, आणि म्हणून त्या घरच्या देवापुढे आपण नेमके कोण, हे त्याला ठरवावेच लागते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात, साखरशेतसारख्या गावात, मुंबई-पुण्याकडून येऊन राहणारा शिक्षक, समाजकार्याचा विद्यार्थी किंवा अभ्यासक देशाची सीमा ओलांडत नाही, भाषाही बरीचशी तीच असते. तरी वारली, कोकणा, ठाकूर किंवा महादेव कोळी घराचा उंबरा ओलांडताना तो एका निराळ्या देवमंडळात पाऊल टाकत असतो. त्याने तिथे हात जोडावेत का, आणि जोडले तर तो प्रामाणिकपणा की केवळ शिष्टाचार, हा या लेखाचा विषय आहे.

परंपरेने पाहुण्याविषयी पुष्कळ सांगितले आहे. पण जे सांगितले त्यातले बहुतेक यजमानाला उद्देशून आहे. तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली अतिथीला देव मानायला सांगते. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो आणि त्या अपराधाची भरपाई म्हणून प्रत्यक्ष यमाला तीन वर द्यावे लागतात. मनुस्मृतीने अतिथीची व्याख्याच एका रात्रीच्या मुक्कामाने केली आहे. म्हणजे जो महिनोन्‌महिने राहतो त्याच्यासाठी शास्त्राने शब्द ठेवलेला नाही, आणि पाहुण्याने घरच्या देवाशी कसे वागावे, याविषयीही ते फारसे बोलत नाही. ‘यजमान’ या शब्दाचा प्रवास इथे उपयोगी पडतो. यज् या धातूपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याच्या नावाने यज्ञ होतो तो’ असा. व्यवहारातल्या मराठीत तो ‘घरधनी’ झाला. मात्र मोखाड्याहून घाट चढल्यावर लागणाऱ्या त्र्यंबकेश्वरात जुना अर्थ अजून जिवंत आहे: तिथला क्षेत्रोपाध्याय, म्हणजे तीर्थावरचे विधी सांगणारा आणि पूर्वापार यात्रेकरूंना स्वतःच्या घरी उतरवून घेणारा पुरोहित, आलेल्या माणसालाच यजमान म्हणतो. घर उपाध्यायाचे, पण यजमान पाहुणा. कारण संकल्प त्याचा, दक्षिणा त्याची आणि फळही त्याचे. मीमांसक ज्याला ‘अधिकार’ म्हणतात, म्हणजे एखादे कर्म करण्याची आणि त्याचे फळ घेण्याची पात्रता, ती पाहुणा तिथे आपल्या कुळगोत्रासह बरोबर घेऊन येतो.

वारली घरात हे सगळे उलटे होते. तिथे पाहुण्याचे कुळगोत्र चालत नाही आणि देव त्याच्यासाठी बसवलेला नसतो. हिरवा हा घरचा देव मोरपिसांच्या जुडग्याच्या रूपात घरातच असतो. कणसरी ही धान्याची देवी कणगीतल्या भातात आणि नागलीत असते, म्हणून नवे धान्य देवाला दाखवल्याखेरीज घरात कोणी तोंडात घालत नाही. वाघोबा गावाच्या शिवेवर, झाडाखाली किंवा पायवाटेच्या कडेला उभा असतो: लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर, आणि बहुधा डोक्यावर छप्परही नाही. मुंबई, ठाणे आणि पालघर परिसरातील अशा वाघोबांचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद आहे. ही ठाणी पाटीवर किंवा नकाशावर शोधून क्वचितच सापडतात. घरातले कोणी बरोबर नेते तेव्हाच ती दिसतात, आणि नेले नाही तर शेजारून गेलेल्या माणसाला ती केवळ शेंदूर लागलेला दगड वाटतात. या मुलखात पवित्र स्थळाची वाट घरातून जाते, असे म्हणण्याचा अर्थ इतका साधा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. मराठीत देवाधर्माविषयी दोन क्रियापदे रोज वापरली जातात, ‘मानणे’ आणि ‘पाळणे’, आणि त्यांच्यातला भेद पुष्कळ तात्त्विक चर्चेपेक्षा अधिक नेमका आहे. देव मानला जातो. सुतक, उपास, वार, अमावास्या पाळली जाते. मानणे मनात होते आणि ते कोणाच्या सांगण्याने होत नाही. पाळणे हातापायांनी होते, चारचौघांत होते आणि एकाने मोडले तर ते सगळ्या घराला लागते, अशी घराची समजूत असते. पाहुण्याचे कर्तव्य पाळण्याचे आहे, मानण्याचे नाही. नव्या भाताचा नैवेद्य होईपर्यंत त्याने थांबावे, देवाच्या जागी चप्पल काढावी, भगताच्या, म्हणजे अंगात वारे येऊन देवाचे म्हणणे सांगणाऱ्या जाणत्याच्या, बोलण्यात मध्येच प्रश्न घुसवू नये. हिरवा किंवा कणसरी खरोखर आहे, असे त्याने मनाशी कबूल करावे अशी अपेक्षा घरही सहसा करत नाही. पण एक गोष्ट पाहुण्याच्या उशिरा लक्षात येते. जिथे धर्मग्रंथ नाही, श्रद्धेचे कलम नाही आणि प्रवेशाचा संस्कार नाही, तिथे पाळणे हाच धर्माचा फार मोठा भाग असतो. म्हणून नुसते पाळणारा माणूसही स्वतःला वाटते त्यापेक्षा बराच आत गेलेला असतो.

मराठी माणसांच्या परदेशवासाची दोन ठळक उदाहरणे या भेदाने नीट उलगडतात. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्त मानला. परंतु यजमान घराची पाळणूक मात्र जशीच्या तशी उचलली नाही. त्यांनी मांसाहार स्वीकारला नाही, चर्चच्या अधिकाराविषयी त्याच संघातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, असाही सवाल केला. आश्रयदात्यांना ही कृतघ्नता वाटली असेल, पण रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर ज्याने मनापासून मानले त्यालाच पाळण्याविषयी भांडण्याचा हक्क मिळतो. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांची वाट दुसरी. बुद्धधर्म शोधत 1902 मध्ये ते नेपाळला गेले, तिथे निराश झाले, मग कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी राहिले आणि तिथे श्रामणेर, म्हणजे भिक्षुजीवनाच्या पहिल्या पायरीवरचा दीक्षित, झाले. दुपारनंतर न खाणे, पात्रात पडेल ते घेणे हे नियम त्या पायरीबरोबर येतातच. बोधगया, सारनाथ, कुशिनारा ही ठिकाणे पुढे त्यांनी पाहिली ती या पाळणुकीतून आलेल्या डोळ्यांनी, आणि ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मकथनाला जे वजन आहे ते बरेचसे त्यातून आले आहे.

पाहुणा पाळायला तयार नसेल आणि तरी त्याला पाहायचे असेल, तर काय होते, हे वारली चित्रकलेच्या बाबतीत जवळून दिसते. लग्नघरात कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने आणि गेरूने सारवतात, तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात, बांबूची काडी टोकाशी चावून तिचे तंतू मोकळे करतात आणि त्या काडीने सवाष्णी चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी जाणती बाई, तिच्या साक्षीने लग्न लावते. 1970 च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगभर नेले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्या कमाईने अनेक घरांना आधार दिला, हे निःसंशय चांगले झाले. पण चौक कपबशीवर आला तेव्हा पालघट घरातच राहिली. कपबशी विकत घेणाऱ्याला काही पाळावे लागत नाही. लग्नघरात बसलेल्याला मात्र चौक पुरा होईपर्यंत बसून राहावे लागते.

अवघड जागा यापुढे लागते, आणि ती टाळून चालणार नाही. घराची पाळणूक एखाद्या माणसाला कमी लेखणारी असेल तर? पाळी आलेल्या पाहुणीला देवाच्या जागेपासून दूर राहा असे सांगितले गेले, किंवा भगताच्या सांगण्यावरून कोणा बाईला चेटकीण ठरवले जाऊ लागले, तर घरचे म्हणून ते पाळायचे का? पहिल्या ठिकाणी पाहुणीने स्वतःपुरते दूर राहावे आणि आपले मत घरच्या बायांशी चुलीपाशी बोलावे, यात कोणाचा जीव जात नाही. दुसऱ्या ठिकाणी पाहुणेपण संपते. जिथे माणसाच्या जिवावर बेतते तिथे घराचा मान राखणे हा गुन्ह्यात सामील होण्याचा प्रकार आहे. गोदावरी परुळेकर वारल्यांमध्ये आल्या आणि 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्धचा उठाव उभा राहिला, तेव्हा त्या कम्युनिस्ट होत्या आणि देव मानणाऱ्या नव्हत्या. तरी त्या झोपडीत राहिल्या, तिथलेच जेवल्या. याच्या उलट, आदिवासी घरचे पाणी न पिता त्यांच्या देवाचे फोटो मात्र काढून नेणारा भाविक पाहुणा हा खरा परका, आणि असे पाहुणे या भागाने पुष्कळ पाहिले आहेत.

यजमान घरावरही सगळे दाखवण्याचे बंधन नाही. जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा होतो. रात्री संबळाच्या तालावर देव-दैत्यांचे मुखवटे नाचतात. यातली पुष्कळशी सोंगे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांकडे आहेत. नाचाच्या रात्री तो मुखवटा सगळ्या गावाचा आणि पाहायला आलेल्या कोणाचाही असतो. उरलेले वर्षभर तो त्या घरात असतो, आणि त्याच छपराखाली निजणाऱ्या पाहुण्याला तो केव्हा दाखवायचा, हे घरचा कर्ता ठरवतो.